घोटीचा खंडोबा

आई गेल्यावर घोटीचं घर रिकामं केलं, तेव्हा योगिनीने एकच वस्तू उचलून आणली. देवघरातला चांदीचा खंडोबा. टाक कसला, चांगला जाडजूड गोल. एका अंगाला लांब नाकाचा चेहरा, मागे दोन दिवट्या. आई रोज त्याला हळद लावायची आणि म्हणायची, "माझ्या पोरीकडं बघ रं. तिथं तिचं कोन हाय?"

नाशिकला सासूबाईंनी मात्र तो देवघरात ठेवू दिला नाही. "दुसऱ्या घरचा देव आपल्यात बसवत नाहीत गं. गंगेवर जा नि गोदावरीत सोडून ये."

तेव्हापासून खंडोबा कपाटात, बाळाच्या दुपट्यांखाली. दुपारी घर झोपलं की योगिनी त्याला नुसता हात लावून यायची. आईचा आवाज ऐकू येईल अशी तेवढीच जागा उरली होती.

पण सासूबाईंनी पुन्हा आठवण करून दिली. सोडण्याआधी निदान उजळून घ्यावा, म्हणून लेकीला कडेवर घेऊन ती सराफ बाजारात गेली. सोनारकाकांनी हळदीची पुटं काढली, भिंग लावलं आणि गालात हसले.

"ताई, हा खंडोबा नाही. स्पेनचा राजा आहे. जुनं नाणं आहे हे."

"आणि दिवट्या?"

"खांब आहेत ते. ही नाणी जहाजांतून देशोदेशी फिरायची. अनोळखी बंदरात विश्वास कोण ठेवणार? मग तिथला सराफ चांदी पारखायचा, खरी निघाली की आपला ठसा मारायचा. हे बघा, किती जणांनी मारलेत. विकायचंय?"

"नाही."

रिक्षात तिला हसू आलं आणि मग आवरेना, डोळे गळायला लागले. आईची इतक्या वर्षांची गाऱ्हाणी ऐकली कोणी, तर ज्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं त्याने.

"सोडलास का?" सासूबाईंनी दारातच विचारलं.

"देव नाहीच तो. परदेशी नाणं आहे."

त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं. "मग पाण्यात कशाला घालवतेस? राहू दे कपाटात."

योगिनीने ते दुपट्याच्या घडीवर ठेवलं. राजाचं नाक अगदी लखलखत होतं, ओळखू येईना. तिने स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद आणली आणि बोटाने टेकवली. "माझ्या पोरीकडं बघ रं," एवढं म्हणून ती थांबली. यातली पोर कोण, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

लेकीने तिचं पिवळं बोट धरलं आणि चोखायला घेतलं.