रेशमावरच्या वाघाला शेंदूर

मी एक वाघ आहे, पण रेशमाच्या पट्टीवर शाईने काढलेला. माझा जन्म जपानचा. तिथल्या रानात वाघ नाहीत. मला काढणाऱ्या चित्रकाराने आयुष्यात वाघ पाहिला नव्हता. वाघाचं एक जुनं कातडं आणि अंगणात येणारी मांजर, एवढ्यावरून त्याने मला घडवलं. म्हणून माझे पंजे मांजरीसारखे गुबगुबीत आहेत.

तिकडची माणसं मला गुंडाळून ठेवत आणि काही दिवसच भिंतीवर टांगत. पाहुणे शाईच्या फटकाऱ्यांची तारीफ करत. मला भ्यालं मात्र कुणीच नाही.

पुढे ओसाकाच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात कल्पिताने मला पाहिलं. ती त्या शहरात नोकरीला होती. परतताना तिने मला ठाण्याला आणलं आणि माजिवड्याच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या भिंतीवर टांगलं.

तिची आजी गंगुबाई आतून आली आणि थबकली. तिने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले.

"यो तं आपला वाघोबा! इतकी वर्सं कुठं व्हतास रं?"

ही इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांची भातशेती होती. बांधावर वाघोबाचा, म्हणजे राखणदार वाघदेवाचा, शेंदूर लावलेला दगड होता. जमीन बिल्डरला दिली आणि दगड भरावाखाली गेला. कुणी शोधला नाही.

त्या दिवसापासून रोज दुपारी गंगुबाई माझ्यासमोर येऊन पुटपुटायची, "गोठ्यात येव नको, येशीवर बस. पोरांना राख. आमी तुना इसरनार नाय."

गोठा नव्हता, वेस नव्हती. तरी मी ताठ उभा राहायचो. कुणीतरी मला खरा वाघ मानलं होतं.

मग वाघबारस आली, दिवाळीच्या तोंडावरची वाघोबाच्या पूजेची बारस. गंगुबाईने तेलात शेंदूर कालवला आणि माझ्या कपाळाला लावला. तेल रेशमात झरझर पसरलं.

कल्पिता ऑफिसमधून आली आणि किंचाळली. "आजी! अगं काय केलंस हे? शंभर वर्षांचं पेंटिंग आहे ते! तुला कळतं तरी काय त्यातलं?"

घाबरून गंगुबाई पदराने पुसायला गेली. डाग आणखी पसरला. मग तिने हात मागे घेतला.

"चुकला बाय. मना वाटला, आपलाच हाय."

मुंबईच्या एका कारागिराने शेंदूर काढला. कपाळावरची शाईही थोडी गेली. कल्पिताने मला काचेत बसवलं. गंगुबाई त्यानंतर माझ्यासमोर उभी राहिली नाही. स्वयंपाकघरात जातानाही मान खाली घालून जायची. कल्पिता दोन-तीनदा तिच्या शेजारी जाऊन बसली, पण त्या दिवसाबद्दल काही बोलू शकली नाही. माघात गंगुबाई गेली.

यंदा वाघबारशीला कल्पिताने मला काचेतून बाहेर काढलं. ताटात नारळ होता, वाटीत शेंदूर होता. बोट शेंदरात बुडवून ती थांबली.

"पप्पा, आजी वाघोबाला काय म्हणायची?"

तिचे वडील काळुराम ताटाजवळ येऊन बसले. "काय की गं. आईचं ते पुटपुटणं आम्ही कधी ऐकलंच नाही."

तुमच्या घरात कुणी असं पुटपुटत असेल, तर जवळ बसा, विचारून घ्या. कल्पिताचं बोट माझ्या कपाळापासून चार अंगुळांवर अडलं होतं. गंगुबाईचे शब्द मला पाठ आहेत. त्या घरात ते आता मला एकट्यालाच येतात, आणि मला बोलता येत नाही.