सात वर्षांची मागणी

कृष्णातनं तिसऱ्यांदा 'नामंजूर' दाबलं आणि लॅपटॉपकडं पाठ फिरवून बसला. समोरच्याला जरा कळू दे, अशा बेतानं.

"कोण हाय त्यो?" मटार सोलता सोलता तेजस्वीनं नवऱ्याला विचारलं.

"चेंडू फेकणारा. वय एकोणचाळीस, खांदा कामातनं गेलाय, दोन संघांनी हाकललंय. आणि मागतोय काय? सात वर्षांचा करार!"

"मग द्या की. गेममधलंच हाय न्हवं? आपल्या घरचं काय जातंय?"

"तत्त्व म्हणून काय हाय का न्हाय?"

बेसबॉल कृष्णातनं उभ्या जन्मात प्रत्यक्ष पाहिला नव्हता. तरी दोन वर्षं तो अमेरिकेतला एक संघ मंगळवार पेठेतल्या स्वयंपाकघरात बसून चालवत होता, आणि संघाचं बरं चाललं होतं. वाजायचं ते फक्त मोकळ्या खेळाडूंशी. कुठल्याच संघात नसलेले, उतरणीला लागलेले हे गडी संस्थानिकासारख्या अटी घालायचे. गेममध्ये त्यावर एकच इलाज होता. हंगाम सुरू होईपर्यंत कुणी घेतलं नाही, की त्या गड्याचं नाव गुपचूप नाहीसं व्हायचं. निरोप नाही, काही नाही. कृष्णातला ते रास्त वाटायचं.

तेवढ्यात आण्णा आले. आण्णा तालमीच्या फुटबॉल संघाचे कारभारी. कृष्णात त्याच संघाचा गोलकीपर, वय सदतीस. आण्णांच्या काखेतल्या पिशवीतून शालीची झालर डोकावत होती. तालमीत शाल-नारळाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. सत्कार झालेला माणूस पुन्हा मैदानात उतरत नसे. तो प्रेक्षकांत बसून नव्या पोरांना शिव्या देई.

"किस्ना, औंदा हंगामाच्या उद्घाटनाला तुझा सत्कार," आण्णा चहा फुंकत म्हणाले. "गोलात आता नवा पोरगा, अभिराम. तू त्याला शिकीव."

"आण्णा, मी अजून सात वर्षं खेळणार."

चहा आण्णांच्या नाकात गेला.

"सात? आरं, मागच्या मॅचला आडवा झालास तर दोघांनी उचलून उभा केला तुला!"

"बॉल धरला का न्हाय?"

"धरला."

"मग? सात वर्षं. आणि लिहून पायजे."

"दुसरी कुठली तालीम घेणार हाय तुला?"

"न्हाय."

"मग कशाच्या जोरावर मागतोस?"

कृष्णातनं लॅपटॉप हळूच मिटला. टेबलाखाली दुखरा गुडघा सरळ केला. तो कटकन वाजला. तिघांनीही ऐकलं.

"जोर न्हाय," तो म्हणाला. "मागणी हाय."

आण्णा उठले, पिशवी काखेत मारली आणि दारात जाऊन चपला पायात सरकवल्या.

"येडा झालाय ह्यो. पोरी, तू तरी सांग त्याला."

तेजस्वीनं एक शेंग फोडली. अंगठ्यानं दाणे पातेल्यात सारले.

"आण्णा, सकाळपास्नं धा म्हणत हुते," ती म्हणाली. "मीच सातावर आणलंय."

कृष्णातनं बायकोकडं बघितलं. ती पुढची शेंग निवडत होती.

आण्णा उंबऱ्यातच थबकले. मग चपला काढल्या, आत येऊन बसले आणि पिशवी खुर्चीमागं सरकवली.

"दोन," ते म्हणाले.