अशिलाची खुर्ची आणि कुठूनबाई

मी एक जुनी, वेताच्या बैठकीची खुर्ची आहे, मित्रांनो, आणि मला चौकशीची भारी खोड आहे. लाकडाने गप्प राहावे असे म्हणतात. मी गप्प राहतेच, पण माझे कान टवकारलेले असतात. माझी जागाच तशी आहे. वकिलाच्या टेबलाच्या अलीकडे, जिथे अशील बसतो तिथे मी असते. अशील म्हणजे वकिलाकडे आपले काम घेऊन येणारा माणूस. तो बसतो, घसा खाकरतो आणि बोलू लागतो. तो पुढे काय सांगणार, या उत्सुकतेने आजही माझे सांधे करकरतात.

एका पाडलेल्या शाळेच्या दारांच्या लाकडातून सुताराने मला घडवले. त्याने मला दोन रुंद हात दिले आणि पाठ किंचित मागे कलती ठेवली. त्याच्या बायकोने वेत पाण्यात भिजवून माझी बैठक विणली. विणता विणता ती नवऱ्याला साऱ्या आळीच्या बातम्या सांगत असे. माझी खोड बहुधा तिथलीच.

मला विकत घेतले ते थोरल्या वकिलांनी. दुकानात ते माझ्यावर बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "हिच्यावर बसलेला माणूस खरं बोलेल." इतके कौतुक माझे पुन्हा कधी झाले नाही. त्यांच्या कचेरीत मी भांडणारे भाऊ पाहिले, मृत्युपत्र करायला आलेले आणि मुलांची नावे सांगताना रडणारे वडील पाहिले. माझ्या हातांवर अजून त्या साऱ्यांच्या नखांचे ओरखडे आहेत.

थोरले वकील अचानक गेले. त्यांची मुलगी तेव्हा कॉलेजात होती आणि मुलगा शाळेत. त्यांच्या आईच्या पाठीशी तिचा भाऊ उभा राहिला, मुलांचा मामा. मामा पोहायला शिकवण्याचे काम करत. लग्न केले नव्हते. पहाटे तलावावर आणि दिवसभर या घराच्या कामात, असे त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी दोन्ही भाचरांना, ताईला आणि धाकट्याला, वकील केले. कचेरी पुन्हा उघडली तेव्हा माझ्यावरची चादर मामांनीच ओढून काढली आणि नाकात धूळ जाऊन ते सटासट शिंकले.

ताईचे आणि धाकट्याचे काम वाढले. मग चाकांच्या, गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी झेरॉक्स मशीनशेजारी झाली. माझ्यावर कागदांचे गठ्ठे पडू लागले. वेताला मधूनमधून ओल आणि ऊन दोन्ही लागते, पण लक्षात कोण ठेवणार? वेत सुकला. एक दोर तट्‌कन तुटला. कुणी वळूनही पाहिले नाही.

असे किती दिवस गेले असते कोण जाणे. पण एक नवा कायदा आला आणि त्याच्याबरोबर कुठूनबाई आल्या.

तो कायदा मी तुम्हाला सांगते, कारण तो समजून घ्यायला मलाही वेळ लागला. समजा, एखाद्याने लोकांना फसवून पैसा लुबाडला. तो त्याला उजळ माथ्याने वापरता येत नाही. कुणी विचारले तर सांगणार काय? मग तो अशी जागा शोधतो, जिथून पैसा बाहेर पडला की कुणी शंका घेणार नाही. वकिलाकडे अशिलांच्या पैशांचे वेगळे खाते असते. घर घ्यायचे ठरले की खरेदी होईपर्यंत पैसा तिथे ठेवतात. चोर त्या खात्यात पैसा टाकतो, मग 'व्यवहार मोडला' म्हणतो आणि तो दुसऱ्याच कुणाकडे पाठवायला सांगतो. तिथे पोचतो तो वकिलाच्या हातून, धुतल्या तांदळासारखा! म्हणून कायद्याने वकिलांना सांगितले की अशील खरा कोण आहे आणि त्याचा पैसा कुठून आला, हे आधी विचारा. शंका आली तर सरकारी तपास कक्षाला कळवा. आणि कळवल्याची गोष्ट त्या अशिलाच्या कानावर अजिबात जाऊ देऊ नका.

हे काम बघायला ताईने ज्या बाई नेमल्या, त्यांनी आधी विम्याचे खोटे दावे हुडकण्यात उमेदीची वर्षे घालवली होती. त्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारत, "कुठून?" धाकट्याने त्यांचे नाव कुठूनबाई ठेवले आणि ते चिकटले. आल्या आल्या त्यांनी चाकांच्या खुर्चीकडे बोट दाखवले. "हिच्यावर बसलेला माणूस अवघड प्रश्न आला की मागे सरकतो. मला न सरकणारी खुर्ची पाहिजे." गठ्ठे उतरले, वेत बदलला आणि मी पुन्हा टेबलासमोर आले. मला इतका आनंद झाला की पहिल्या दिवशी मी जरा जास्तच करकरले.

बाईही चुकत बरे का. एकदा एका गृहस्थांना त्यांनी "कुठून, कुठून" करून भंडावले आणि शेवटी ते म्हणाले, "बायको गेली हो. तिचे दागिने विकले." बाई उठल्या, स्वतः पाणी आणले आणि माफी मागितली. तेव्हापासून त्या आधी पाणी विचारत, मग प्रश्न. उलट एक शिवणकाम करणाऱ्या काकू दुकान विकत घ्यायला आल्या, त्यांना प्रश्न इतका आवडला की पहिल्या झबल्यापासून सगळे सांगत सुटल्या. "आजवर कुणी विचारलंच नव्हतं मला," असे म्हणून त्या तरंगतच गेल्या.

आणि मग एका दुपारी मामा आले. नवे कोरे बूट, इस्त्रीचा शर्ट. शेजारी अत्तराचा घमघमाट सोडणारे एक गृहस्थ. त्यांचे नाव मी मनातल्या मनात अत्तरवाले ठेवले. ते मामांकडे पोहायला येत, तिथलीच ओळख. आता मामा एका कंपनीचे मालक झाले होते. कंपनीला मोठे गोदाम घ्यायचे होते आणि खरेदीचे काम भाचरांनी करायचे होते.

ताईचा चेहरा उजळला. जन्मभर दुसऱ्यांसाठी राबलेल्या मामांचे भाग्य उघडले होते! कुठूनबाईंनी पाणी पुढे केले.

"कंपनी काय करते, मामा?"

"आयात-निर्यात."

"कशाची?"

"मालाची."

"कुठला माल?"

"एकदम चांगला माल!" मामा म्हणाले आणि हसले. मग एकटेच हसतोय हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी अत्तरवाल्यांकडे पाहिले. अत्तरवाले झटकन बोलले, "यंत्रांचे सुटे भाग." मामांनी मान हलवली, पण ती त्यांनाही नवीनच बातमी होती. माझ्या हातावरची त्यांची बोटे एकाएकी घट्ट झाली.

ते गेल्यावर धाकटा भडकला. "मामांची उलटतपासणी घेता? त्यांच्या खांद्यावर बसून मोठे झालोय आम्ही!"

"म्हणूनच नीट विचारायला हवं," ताई सावकाश म्हणाली. "पाण्यात उतरायच्या आधी तळ बघा, हे त्यांनीच शिकवलंय ना आपल्याला? सगळं कळेपर्यंत पैसा घ्यायचा नाही."

पण मामांच्या प्रेमापोटी धाकट्याने खात्याचा नंबर आधीच त्यांना देऊन टाकला होता. दोनच दिवसांत पैसा येऊन पडला. पाठोपाठ अत्तरवाले एकटे आले. चेहऱ्यावर दुःख, आवाजात तूप. "गोदामाचा व्यवहार मोडला हो. आता ती रक्कम माझ्या मेव्हण्याच्या कंपनीकडे वळवा. तुमची फी मात्र पूर्ण ठेवा."

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. मामांच्या कंपनीचा पैसा मेव्हण्याकडे कशाला, हे त्यालाही कळले. अत्तरवाले गेल्यावर तो मटकन माझ्यावर बसला. "ताई, मामांना आत्ताच्या आत्ता सांगू या. त्यांचं नाव आहे सगळीकडे. ते अडकतील."

"सांगता येणार नाही."

"मामा आहेत ते!"

"अशीलही आहेत," ताई म्हणाली. तिने कुठूनबाईंना बोलावले, दार लावून घेतले आणि तपास कक्षाला कळवले. लिहिताना ती एकदाही थांबली नाही. लिहून झाल्यावर मात्र बराच वेळ पेनचे टोपण तिला लावता येईना.

पुढचे दिवस फार वाईट होते, मित्रांनो. मामा रोज यायचे. "अगं, तो माझ्या मागे लागलाय. पैसे वळते करून टाक ना." आणि ताई म्हणायची, "काम चालू आहे, मामा. चहा घेणार?" माझ्यावर बसलेला हा भला माणूस कुठल्या खड्ड्याच्या काठावर आहे, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होते, त्याला सोडून. एकदा ते जाताना म्हणाले, "तू हल्ली माझ्याकडे बघत नाहीस." ताई तेव्हाही बघू शकली नाही.

मग तपासाचे अधिकारी आले. पैसा गोठवला गेला. मामांना चौकशीला बोलावले. हळूहळू सगळे बाहेर आले. अत्तरवाल्यांनी म्हाताऱ्या माणसांना निवांत राहायला घरे बांधून देतो असे सांगून त्यांच्या आयुष्याची पुंजी उचलली होती. घरे कुठेच नव्हती. पकडायची वेळ आली तर हाती लागायला एक साधा, विश्वासू माणूस हवा होता. 'नुसती सही करा' म्हटल्यावर मामांनी कंपनीच्या कागदांवर सही केली होती. पैसा पुढे गेला असता तर मामा तुरुंगात आणि अत्तरवाले परदेशात, असा बेत होता. वेळीच कळल्यामुळे अत्तरवाले धरले गेले, बराचसा पैसा त्या म्हाताऱ्यांना परत मिळाला आणि मामा आरोपी न होता साक्षीदार झाले.

पण मामांनी ताईशी बोलणे टाकले. साक्ष दिली, घरी गेले आणि दार लावून घेतले. ताई त्यांच्याकडे जायची, बाहेरून हाका मारायची आणि परत यायची. धाकटाही आता तिला दोष देत नव्हता. तो आपल्यालाच देत होता.

बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी मामा आपण होऊन आले. बूट जुनेच. कुणी काही विचारायच्या आत माझ्यावर बसले. कुठूनबाईंनी पाणी ठेवले आणि प्रथमच काही न विचारता बाहेर गेल्या.

"का नाही सांगितलंस मला?" मामा म्हणाले.

"कायद्यानं बंदी होती."

"ते कळलं. कायदा नसता तर?"

ताईने या वेळी त्यांच्याकडे सरळ पाहिले. मग म्हणाली, "तरी नसतं सांगितलं."

"का?"

"तुम्ही लगेच जाऊन त्याला विचारलं असतंत."

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटले, ते रडताहेत. पण ते हसत होते, डोळे पुसत पुसत हसत होते. "विचारलं असतंच गं," ते म्हणाले. "त्याला चहा पाजून विचारलं असतं."

ताई टेबलाला वळसा घालून आली आणि लहानपणी बसायची तशी माझ्या हातावर बसली. सुताराने तो हात दोघांचा भार पेलायला बनवला नव्हता, तरी मी पेलला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून ओला फडका आणि थोडे ऊन द्या. तुमच्या माणसांचीही तशीच निगा राखा. कुणी 'नुसती सही कर' म्हणाले तर आधी विचारा, आणि आपल्या माणसाने आपल्याला विचारले तर रागावू नका. परका माणूस विचारायच्या भानगडीत पडत नाही. ज्याला आपली काळजी असते, तोच विचारतो.