कैवार कार्यालय, तिसरा मजला

आमच्या नामगोक तालुक्यात माजी सैनिकांचा कैवार घ्यायला सरकारने एक कार्यालय काढलं आणि ते तालुका कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर थाटलं. लिफ्ट नाही. तालुक्यात उरलेल्या, लढाई पाहिलेल्या माजी सैनिकांत सगळ्यात तरणा जो आहे तो सत्तरीचा, आणि त्याचा एक गुडघा व्हिएतनाममध्येच राहिला. तेव्हा कैवार हवा असेल त्याने आधी अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून दाखवायच्या, असा सरकारचा साधा हिशेब होता.

मी बे माल्सुक. तालुका कचेरीच्या समोर अर्ज लिहून देण्याचं माझं दुकान आहे, अडतीस वर्षं झाली. माणसाचं दुःख सरकारला समजेल अशा भाषेत उतरवायचं, हा माझा धंदा. चांगलं भळभळतं दुःख घेऊन माणूस येतो, मी त्याचे चार मुद्दे करते, खाली सहीऐवजी त्याच्या नावाचा शिक्का उमटवते आणि पाठवून देते. कचेरीतले लोक मला काकू म्हणतात आणि घाबरतात, कारण त्यांचे नियम त्यांच्यापेक्षा मला जास्त पाठ आहेत.

नव्या कार्यालयाचे प्रमुख म्हणून ग्वाक साहेब आले. आधी ते मत्स्य खात्यात कालवांची मोजदाद करायचे. आमच्या देशात प्रत्येक पुरुषाला सैन्यात जावंच लागतं आणि परत आल्यावर जन्मभर त्याच्या गोष्टी सांगाव्याच लागतात. चार पुरुष जेवायला बसले की पहिल्या पेल्यालाच सुरू होतात. ग्वाक साहेब तेवढा वेळ मान खाली घालून शेगडीवरचं मांस उलटत बसतात, कारण त्यांना सपाट तळव्यांमुळे सूट मिळाली होती. असा माणूस सैनिकांचा कैवारी. मांस मात्र उत्तम भाजतो, हे मान्य करायला हवं.

मार्चमध्ये ते माझ्या दुकानात आले. हातात नव्या कार्यालयाच्या बोधचिन्हाचा कागद होता. त्यावर जिगे काढलं होतं. दोन फाट्यांच्या लाकडांची, गवती पट्टे लावून पाठीवर घ्यायची ती घोडी, जिच्यावर आमच्या आजे-पणज्यांनी सरपणापासून म्हाताऱ्या आयांपर्यंत सगळं वाहिलं. खाली लिहिलं होतं, 'तुमचं ओझं, आमच्या पाठीवर.'

"काकू, खरं, युद्धातलं जिगे कुणाकडे मिळेल? प्रवेशद्वारात काचेच्या पेटीत ठेवायचंय."

"तुमच्या पाठीला झेपेल का साहेब?"

"अहो, ते बोधचिन्ह आहे. उचलायचं थोडंच आहे!"

खरं जिगे तालुक्यात एकाच माणसाकडे होतं. योम सुनगिल आबा, वय चौऱ्याऐंशी. मी साहेबांना त्यांच्याकडे घेऊन गेले.

आबांची गोष्ट मी तोवरच सहा वेळा अर्जात लिहिली होती, म्हणून थोडक्यात सांगता येते. उत्तरेशी झालेल्या युद्धाच्या दुसऱ्या वर्षी सैन्याचे लोक गावात आले आणि ज्याच्या पाठीला जिगे दिसलं त्याला घेऊन गेले. आबा सतरा वर्षांचे, थोरला भाऊ तेगिल एकोणीस वर्षांचा. डोंगरावर लढणाऱ्यांना तोफगोळे, भात, पाणी वर पोचवायचं आणि येताना जखमींना पाठीवर घालून खाली आणायचं. ना गणवेश, ना बंदूक, ना नंबर. नवव्या दिवशी तेगिल तोफगोळ्यांची पेटी घेऊन वर चढत असताना पडला. आबांनी पेटी स्वतःच्या जिगेवर घेतली आणि वर नेली, कारण तसा हुकूम होता. परत येईपर्यंत भाऊ जिथे पडला होता तिथे डोंगराची ती बाजूच उरली नव्हती.

कचेरीच्या आवारात युद्धात मेलेल्यांचं स्मारक आहे. काळा दगड, त्यावर एकशे बारा नावं. त्यात तेगिलचं नाव कोरलं जावं, एवढीच आबांची मागणी. पेन्शन नको, पदक नको. सहाही वेळा स्मारक समितीचं एकच उत्तर आलं: सदर व्यक्तीस सैनिकी क्रमांक नाही, सबब ती सैनिक नाही.

दरवर्षी सहा जूनला सकाळी दहाला भोंगा वाजतो आणि सगळा देश मिनिटभर उभा राहतो. आवारात पुढे शहिदांच्या घरच्यांना खुर्च्या असतात, बाकीचे म्हातारे सैनिक ताठ उभे राहून सलाम ठोकतात. आबा सगळ्यात मागे, हात खाली सोडून उभे असतात. एकदा मी विचारलं होतं, तर म्हणाले, "सलाम सैनिकांनी करायचा असतो पोरी. आम्ही हमाल."

तर ग्वाक साहेबांनी जिगे मागितलं. आबांनी ते भिंतीवरून काढलं, पट्ट्यांवरची धूळ फुंकली.

"नेता तर न्या. पण माझ्या दादाच्या नावाचं बघा."

"बघतो म्हणजे काय आबा! त्याचसाठी तर कार्यालय काढलंय!" साहेबांनी आबांचे दोन्ही हात हातात धरले. तेवढ्यात कार्यालयातून बरोबर आलेल्या बाईने फोटो काढला. साहेबांनी हात सोडले.

उद्घाटन एप्रिलमध्ये झालं. अकरा मान्यवर, अकरा पांढरे हातमोज्यांचे जोड, अकरा कात्र्या. फीत एवढीशी, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला वीतभर आली. भाषणांत 'ओझं' हा शब्द मी एकवीस वेळा मोजला आणि मग तांदळाच्या वड्या आल्या म्हणून मोजणं सोडलं. ज्यांचं ओझं उचलायचं होतं ते म्हातारे खाली फाटकापाशी उभे होते, कारण तिसऱ्या मजल्यावर मान्यवरांनाच जागा पुरत नव्हती.

गर्दी ओसरल्यावर मी वर गेले. काचेच्या पेटीत आबांचं जिगे दिव्याखाली छान चमकत होतं. कुणीतरी त्याला वॉर्निश लावलं होतं. खाली पितळी पाटी, कार्यालयाच्या मुद्रेसह: 'युद्धकाळात आपल्या तालुक्यातील शूर सैनिकाने वापरलेले जिगे.'

मी ती पाटी दोनदा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. शूर सैनिकाने!

त्याच दिवशी मी सातवा अर्ज लिहिला, या वेळी थेट कैवार कार्यालयाला. सोबत पाटीचा फोटो जोडला. मुद्दा एकच: आपल्याच कार्यालयाने, आपल्याच मुद्रेखाली, हे जिगे वाहणाऱ्यास सैनिक म्हटले आहे. त्याच्या बरोबरीने तेच काम करताना मेलेला भाऊ सैनिक कसा नाही, याचा खुलासा व्हावा. अडतीस वर्षांत इतका बिनतोड अर्ज मी लिहिला नव्हता. आबांनी शिक्का उमटवला. मला म्हणाले, "या खेपेला होईल, नाही?" आणि मी मूर्खासारखी हो म्हणाले.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सरकारच्या प्रामाणिकपणाला तोड नाही. त्यांनी चूक कबूल केली आणि ती पाटीचीच होती असं ठरवलं. 'सदर वस्तू नागरी मजुराची असल्याचे निदर्शनास आल्याने ती माजी सैनिकांच्या कार्यालयात ठेवणे उचित होणार नाही. अर्जदाराने सात दिवसांत आपली वस्तू घेऊन जावी.'

मी वर जाऊन ग्वाक साहेबांना गाठलं.

"साहेब, हा कैवार?"

"काकू, माझं ऐका, मला मनापासून वाईट वाटतं." आणि खरंच वाटत असावं, कारण त्यांनी मला स्वतःच्या हाताने कॉफी ढवळून दिली. "पण हे कार्यालय सैनिकांचा कैवार घेतं. सैनिक कोण, हे ठरवणं आमच्या कक्षेत येत नाही."

"मग आतापर्यंत कुणाचा घेतलात?"

"सध्या रचना चालू आहे."

आबा स्वतःच जिगे न्यायला आले. अठ्ठेचाळीस पायऱ्या चढले, दर मजल्याला थांबत. पेटीतून ते बाहेर काढलं, वॉर्निशचा वास घेऊन तोंड वाकडं केलं आणि पट्ट्यांत हात घातले. जिगे पाठीवर घेऊन खाली उतरले. माझ्या दुकानापाशी थांबून एवढंच म्हणाले, "दादाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून दे. कोरता येईल असं."

मी लिहून दिलं. पुढे काय करणार, ते विचारलं नाही. मला वाटलं, अंगणात लावतील एखादा दगड.

सहा जूनला आवार भरलं. पुढे खुर्च्या, त्यांच्यापुढे ग्वाक साहेब काळी फीत लावून. दहाला पाच मिनिटं असताना फाटकातून आबा आले. पाठीवर जिगे, हातात टेकायची काठी आणि जिगेवर ओढ्यातला एक दगड, मोठ्या भोपळ्याएवढा. वाकून चालत होते, पण पाऊल चुकत नव्हतं. खुर्च्यांमधून वाट झाली. सरळ स्मारकापाशी जाऊन ते गुडघ्यावर बसले, काठी टेकून जिगे उभं केलं आणि दगड हळूच खाली सरकवला. त्यावर आमच्या लिपीत वेडीवाकडी कोरलेली तीन अक्षरं: योम ते गिल.

ग्वाक साहेब धावत आले. "आबा, अहो हे काय? परवानगी घेतलीत का?"

"कसली परवानगी?" आबा धापा टाकत म्हणाले. "माल वर पोचवायचा, हे हमालाचं काम. पोचवला."

"पण हा इथे ठेवता येणार नाही!"

"मग उचला. तुमच्या पाठीवर घेणार होतात ना?"

मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब लाल झाले. ते काही बोलणार, तोच भोंगा वाजला आणि त्यांना दगडाशेजारी मान खाली घालून मिनिटभर उभं राहावं लागलं. अशा रीतीने योम तेगिलला पहिली सरकारी मानवंदना मिळाली. आबांनी हात खालीच ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी ग्वाक साहेब माझ्या दुकानात हजर. दगड उचलायला माणसं तयार होती, पण नियम आड आला. स्मारकाच्या आवारातला नाव कोरलेला कुठलाही दगड समितीच्या मंजुरीशिवाय हलवता येत नाही, आणि मंजुरीसाठी त्यांना विहित नमुन्यात अर्ज करायचा होता. कैवारी साहेबांना अर्ज लिहिता येत नव्हता.

मी नमुना काढला. तारीख, ठिकाण, दगडाचं माप. मृताचं नाव: योम तेगिल. मरणाचं ठिकाण, तेही लिहिलं. मग पुढचा रकाना आला.

"साहेब, इथे विचारलंय, मृत व्यक्ती कोण. एक, अधिकारी. दोन, सैनिक. कशावर खूण करू?"

"तिसरा पर्याय नाही का?"

"नाही."

"बरोबर आहे, स्मारकात तिसरं कोण असणार!" त्यांनी घड्याळ बघितलं. "करा ना काकू कशावरही. अधिकारी तर नव्हता. मला वर मीटिंग आहे."

"दोन करू?"

"करा."

"वाचून बघता एकदा?"

"तुमचं लिहिलेलं काय वाचायचं!" आणि त्यांनी खिशातून डबी काढली, शाई लावली आणि कार्यालयाचा शिक्का उमटवला. लाल, ठसठशीत, एक कोपरासुद्धा पुसट नाही. मी एक प्रत समितीच्या पेटीत टाकली. दुसरी ठेवून घेतली.

दुपारी आबांना बोलावलं. बार्लीचा चहा दिला आणि कागद वाचून दाखवला.

"पुन्हा वाच."

"मृताचे नाव योम तेगिल. सैनिक. खाली माजी सैनिक कैवार कार्यालयाचा शिक्का."

"पण पोरी, नंबर?"

"नाव कोरायला नंबर लागतो आबा. काढून टाकायला लागत नाही."

त्यांनी लाल शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दगड नेतील का गं?"

"समिती वर्षातून दोनदा बसते. आणि न्यायचा तर सैनिकाचा दगड स्मारकातून हलवला, असं त्यांना लिहावं लागेल. लिहू देत. तोवर मी आठवा अर्ज पाठवते, हा कागद जोडून."

"पुन्हा वाच. तेवढंच."

"सैनिक योम तेगिल."

आबा उठले. चहाचा पेला बाजूला ठेवून दुकानाच्या दारात गेले. समोर आवार, आवारात काळा दगड, त्याच्या पायाशी ओढ्यातला तो ओबडधोबड दगड. आबांनी पाठ जमेल तेवढी सरळ केली आणि हात कपाळाला लावला. बोटं वाकडी होती, कोपर नको तिथे गेलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदाच करत होते, येणार कुठून?

तेवढ्यात माझी नजर वर गेली. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत ग्वाक साहेब कॉफी घेऊन उभे होते. आबांचा सलाम त्यांना दिसला. क्षणभर त्यांनी मागे वळून कुणी आहे का ते बघितलं, मग समाधानाने हसले आणि मान हलवून तो स्वीकारला.