पहिला दुधी

माझ्या परसबागेच्या वर्गात बावीस बायका होत्या आणि मला काही येतं असं त्यांतल्या एकीलाही वाटत नव्हतं. त्यांचं बरोबर होतं. जन्मभर रानात राबलेल्या बायकांना आळं कसं करायचं ते शिकवणारी मी, आणि लग्नाआधी माझं शेत म्हणजे बीडच्या घराच्या गच्चीवरच्या चार कुंड्या. पण पाच दिवसांचं प्रशिक्षण मी घेतलं होतं, प्रमाणपत्र होतं, आणि तोंड तर देवाने आधीच दिलेलं होतं.

आमचं गाव पाटोद्यापासून अकरा किलोमीटरवर. दर गुरुवारी दुपारी ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये वर्ग भरायचा. मोरीचं पाणी कुठे वळवायचं, सलाईनच्या रिकाम्या बाटलीतून रोपाला थेंब थेंब कसं सोडायचं, शेणखतात राख किती घालायची, असं सगळं मी शिकवायचे. माझा खरा राग होता तो बाजारातल्या बियाण्यांच्या पाकिटांवर. "बी घरचं पाहिजे," हे मी इतक्या वेळा म्हटलं की बायका माझ्या मागे माझी नक्कल करायच्या. गेल्या वर्षी माझ्या कुंपणावर दुधी लागला होता, कोवळा आणि गोड. त्यातला एक मी वेलावरच वाळू दिला, बी काढलं, राखेत घोळून ठेवलं आणि जूनमध्ये बावीसजणींना पुड्या करून वाटलं. प्रत्येक पुडीवर मी माझ्या हाताने जिचं तिचं नाव लिहिलं होतं. इतकी हौस.

वर्गात वही आणणारी एकटी पंचशीला. तिचं घर गावाच्या त्या टोकाला, विहाराच्या पलीकडे. मी खोकले तरी ती लिहून घेते की काय अशी मला शंका यायची. न्हाणीच्या पाण्यावर तिने वेल असा चढवला की इतरजणींच्या वेलांना जेमतेम फुलं आली तेव्हा तिच्या मांडवाला हातभर दुधी लोंबत होता. एका सकाळी ती मुद्दाम माझ्या घरापर्यंत आली, ओट्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, पहिला दुधी धरलाय. घरात न्हाई खाणार. वर्गाच्या जेवणाला आणणार." मी तिला वर ये म्हणाले. ती म्हणाली, घाईत आहे.

सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी वर्गाचा समारोप होता. प्रत्येकीने आपल्या वाफ्यातल्या भाजीचा एक पदार्थ करून आणायचा, असं मीच ठरवलं होतं. पाहुणे म्हणून माझे सासरे, मोहनराव. गाव त्यांना आबा म्हणतं. बारा वर्षं सरपंच होते, आणि आता पदावर नसले तरी गावातलं लग्न त्यांना विचारल्याशिवाय ठरत नाही.

सतरंजीवर भांडी ओळीने मांडली. मेथी, गवार, चुका, वांगी, आणि शेवटी पंचशीलाचं स्टीलचं पातेलं. बायका ताटं घेऊन पुढे सरकू लागल्या आणि मी बघत राहिले. नाही म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही. हात फक्त दुसऱ्या भांड्याकडे जातो, किंवा ताट भरलेलं असतं, किंवा कुणाला तरी आतून हाक येते. पातेल्यातली भाजी काठोकाठ तशीच होती. पंचशीला हातात पळी धरून उभी होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. माझं डोकं तापलं. मी काहीतरी तिखट बोलणार होते, तेवढ्यात आबा उठले.

ते ताट घेऊन सरळ तिच्यापुढे गेले. "पंचशीला, आमाला न्हाई का वाढणार?" हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. तिने दोन पळ्या वाढल्या. आबा तिथेच, तिच्या पातेल्याशेजारी मांडी घालून बसले आणि जेवले. पहिल्या घासाला ते क्षणभर थांबले. मग सगळी भाजी संपवली, भाकरीच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं आणि म्हणाले, "झकास झाली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं. वीस वर्षांत सासऱ्यांचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

तासाभरात आबांना उलटी झाली. मग दुसरी, मग मोजता येईनात. माझे यजमान, विजयसिंह, गाडी घेऊन धावत आले. पाटोद्याच्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि बीडला न्या म्हणाले. वाटेत आबांनी माझ्या पदरात उलटी केली, त्यात रक्त होतं. सकाळी पाऊण तास भजन म्हणणारा धडधाकट माणूस, आणि आता त्याचे हात बर्फासारखे गार. मी नुसती त्यांचे तळवे चोळत होते.

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं. विजयसिंह म्हणाले, "त्या पंचशीलाची भाजी. बाकी कुणीच खाल्ली न्हाई ती." डॉक्टर म्हणाले, उरली असेल तर आणा. विजयसिंहांनी गावात फोन केला, आणि त्यांचं बोलणं गावभर फिरून परत आमच्याकडे आलं तोवर त्याचं भलतंच झालं होतं. तिने आबांना विष घातलं. गेल्या वर्षी विहाराच्या रस्त्यावरून आबांशी बोलाचाली झाली होती, त्याचा राग काढला. ज्या बायकांबरोबर ती चार महिने मातीत बसली, त्यांतल्याच दोघी हे सांगत होत्या. दिवस मावळायच्या आत दवाखान्याच्या व्हरांड्यात पोलीस ठाण्यातले जमादार येऊन बसले.

पंचशीला आपण होऊन आली. नवरा कारभारी याच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर ते पातेलं घेऊन आली. चाळीस किलोमीटर. "डॉक्टरसायबांनी मागितलंय ना," एवढंच म्हणाली. पातेलं तिने माझ्या हातात दिलं.

का कोण जाणे, मी झाकण काढून भाजीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

कडू म्हणजे किती कडू. कारलं त्यापुढे गोड. जीभ आत ओढली गेली, घसा आवळला, मी भिंतीशी जाऊन थुंकले, तोंड धुतलं, परत थुंकले, तरी जाईना. आणि थुंकता थुंकताच मला कळलं. मी तिथेच जमिनीवर बसले.

गेल्या वर्षी आबांना एकतारीसाठी तुंबा हवा होता. कपिलधारच्या यात्रेत एका साधूकडून त्यांनी कडू भोपळ्याचं बी आणलं आणि माझ्याच कुंपणावर, माझ्या दुधीपासून दोन हातांवर लावलं. माश्या या फुलावरून त्या फुलावर गेल्या. त्या वर्षीचा दुधी गोडच लागला, कारण कडूपणा उतरतो तो बियांत आणि बाहेर येतो पुढच्या वेलाला. प्रशिक्षणाच्या चौथ्या दिवशी, जेवणानंतरच्या तासाला हे, आणि असा कडू दुधी विषारी असतो हेही, शिकवलं होतं. मी पेंगत होते. त्या पुडीवर पंचशीलाचं नाव मीच लिहिलं होतं.

मी विजयसिंहांना जिन्यापाशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांचा चेहरा उतरेल, पंचशीलाबद्दल बोलले त्याची त्यांना लाज वाटेल, असं मला वाटलं. त्यांनी आधी मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते बघितलं.

"हे दुसऱ्या कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नको. सुनंनंच सासऱ्याला कडू बी दिलं म्हनून गाव तोंडात शेण घालील. तिचं काय, चौकशी होईल, काही घावनार न्हाई, सोडून देतील."

वीस वर्षं मी या माणसाच्या ताटाला ताट लावून जेवत होते. मला वाटलं, याला मी आज पहिल्यांदा बघतेय. आणि त्याहून वाईट म्हणजे मी गप्प राहिले. व्हरांड्यात परत जाऊन बाकावर बसले. पदराला अजून आबांच्या उलटीचा वास येत होता.

जमादारांनी पंचशीलाला नाव विचारलं, वय विचारलं. तिने सांगितलं. मग विचारलं, "भाजीत काय घातलं होतं?"

"मीठ, मिरची, शेंगदान्याचं कूट," ती म्हणाली. तिने क्रमाने सांगायला सुरुवात केली, वर्गात धडा म्हणून दाखवायची तशी. "आन् कोथिंबीर. ती बी ताईंच्या बियाची."

मी उठले. "जमादारसाहेब, बी माझं होतं. दुधीचं. सगळ्यांना मीच दिलंय. ते कडू आहे."

विजयसिंह म्हणाले, "तिचं डोकं ठिकाणावर न्हाई, सकाळपासून पाणी न्हाई पोटात." जमादारांनी माझ्याकडे बघितलं. पुरावा काय, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी वर्गातल्या योगिताला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. म्हटलं, तुझ्या वेलाला बोटभर दुधी धरलेत ना, त्यातला एक तोड, चीर आणि जीभ फक्त टेकव, गिळू नको. काय झालं कावून, असं विचारत ती परसात गेली. आम्ही सगळे थांबलो. मग फोनमधून थुंकण्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, आणि मग माझ्या नावाने एक शिवी.

जमादारांनी पेन खिशाला लावलं. मी योगिताला म्हटलं, घरोघर जा, एकेक वेल मुळापासून उपट. कारभारी इतका वेळ भिंतीला पाठ लावून उभा होता तो खाली बसला. पंचशीला माझ्याकडे बघत होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"तू चाखली का नाहीस गं?" मी विचारलं. खरं तर मला असं विचारायचा काय अधिकार होता.

"सासूबाई म्हनल्या, चाखू नको. उष्टं आनलं म्हनतील."

आबांच्या नाकातली नळी तिसऱ्या दिवशी निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून दोन पळ्या खाल्ल्या असत्या तर आम्हाला काही करता आलं नसतं. त्या दुपारी पंचशीला भेटायला आली. मी तिला खाटेजवळ खुर्ची दिली. ती बसली. मी आबांना बियांचं सगळं सांगितलं होतं, त्यांनी ऐकून मान हलवली होती. आता ते तिच्याकडे बघून बारीक आवाजात म्हणाले, "तुजा काय दोष न्हाई, पोरी. पहिल्याच घासाला कळलं मला, जहर हाय म्हनून."

मला वाटत होतं, म्हाताऱ्याच्या जिभेला चव कळली नसेल.

"मग थुकली कावून न्हाई?" पंचशीलाने विचारलं.

"सगळं गाव बघत होतं. थुकलो असतो तर म्हनले असते, आबाला त्यांच्या हातचं चाललं न्हाई. तुज्या तोंडावर कसा थुकू?"

आबांना वाटलं असावं, आता ही रडेल, पाया पडेल. मलाही तसंच वाटलं. पंचशीलाने खुर्ची खाटेकडे ओढली.

"ताईंनी अशी कडू भाजी वाढली असती तर?"

"तिला?" आबा म्हणाले. "ताट फेकलं असतं. आन् वर दहा शिव्या दिल्या असत्या."

"मग मला बी द्यायच्या होत्या," पंचशीला म्हणाली. "घरच्यासारख्या. त्याच्यापाई मरायला निघालात व्हय?"