कमळाबाईंचा धवला आणि तापलेला मी

मी एक जुना, घरी जुळवलेला ॲम्प्लिफायर आहे, मित्रांनो. चिडका आहे, हे आधीच सांगून टाकतो. बंद पडलेल्या स्टॅबिलायझरचं माझं खोकं, भंगारातला ट्रान्सफॉर्मर आणि पाठीवर ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक. त्यावर दोन ट्रान्झिस्टर स्क्रूने आवळलेले. आवाज मोठा करायचं कष्टाचं काम या दोघांचं, त्यामुळे ते तापतात. त्यांची उष्णता ओढून वाऱ्यावर सोडायची, हे हीटसिंकचं काम.

मला बनवलं दाजींनी. पळस्प्याजवळच्या आमच्या गावातले हे दाजी उरणच्या बंदरात वायरमन होते. त्यांची थोरली बहीण कमळाबाई धवलारीण. आगरी लग्नात प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, धवलारीणच गाते. तिच्याशिवाय हळद लागत नाही. मांडवामांडवात मोठे स्पीकर आले आणि बहिणीचा आवाज कुणाला ऐकू येईना, तेव्हा दाजींनी इरेला पेटून मला जुळवलं. चौदा वर्षं आम्ही आपट्यापासून उलव्यापर्यंत लग्नं गाजवली. लोक म्हणायचे, "बाईचा गला आन् दाजीचा डबा!" मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू?

मग कमळाबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज काडीसारखा बारीक झाला, बोलावणी थांबली आणि मी माळ्यावर गेलो. फक्त दसऱ्याला दाजी मला उतरवायचे, पाठ खोलून, ट्रान्झिस्टरही सुटे करून पुसायचे, पूजा करायचे आणि परत बंद करायचे. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे, अगदी डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तरीही.

यंदा कमळाबाईंच्या नातीची, मनस्वीची हळद निघाली. घरच्यांनी डीजे ठरवला. म्हातारी कडाडली, "माझ्या नातीची हलद मीच गानार! आवाज नसंल तर दाजीचा डबा हाय." हे बोलणं सोपं होतं हो, निभावणं नाही! सुरू केलेला धवला मध्येच तुटला तर नवरीला अपशकुन, असं त्या आयुष्यभर मानत आल्या होत्या. म्हणजे मी मध्येच दगावलो, तर नातीच्या हळदीचा अपशकुन आजीच्या माथी बसणार.

हळद चार वाजता. बाराला दाजींनी मला चालू करून पाहिलं. दहाच मिनिटांत करपल्याचा वास सुटला. डाव्या ट्रान्झिस्टरला असा चटका बसत होता की मी ओरडायचा बाकी होतो. त्याचं एक वाईट आहे, मित्रांनो. तो तापला की जास्त करंट ओढतो, आणि जास्त ओढला की आणखी तापतो. मध्ये कुणी थांबवलं नाही तर जळून मोकळा!

दाजींनी प्लग काढला. मग टेबलफॅन आणून माझ्या पाठीवर सोडला. एक वाजता पुन्हा तेच. जोडलेले दोन स्पीकर कमी केले. तीनला पुन्हा तोच वास. कमळाबाई हिरवी साडी नेसून दारात उभ्या होत्या. त्यांचे ओठ सुकले होते.

"दाजी, खरं सांग. टिकंल का नाय?"

"टिकंल गं बाय," दाजी म्हणाले आणि त्यांनी पंखा आणखी जवळ सरकवला.

दाजींची सून किशोरी तळोज्याला इन्व्हर्टर दुरुस्त करते. शेवटी तिला राहवेना. तिने हीटसिंकच्या डाव्या अंगावर तळवा ठेवला आणि ती चमकली.

"दाजी, हा तर गार आहे."

"मंग बरं हाय नं!"

"बरं कसलं? ट्रान्झिस्टर जळतोय आणि हीटसिंक गार. उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये. पंखा लावून काय उपयोग? मी खोलू का?"

दाजींच्या कपाळावर आठ्या चढल्या. अहो, खोलू द्या तिला, जीव जातोय इथे माझा! तेवढ्यात बाहेर डीजेवाल्याने आवाज तपासायला एक दणका दिला. कमळाबाई दचकल्या. दाजींनी ते पाहिलं आणि निमूटपणे पेचकस सुनेच्या हातात दिला.

किशोरीने स्क्रू काढले, डावा ट्रान्झिस्टर उचलला. खाली वीज अडवणारी पण उष्णता जाऊ देणारी अभ्रकाची पातळ चकती आणि तिच्याखाली तांदळाची कणी, कुंकवाने लाल झालेली. दसऱ्याला दाजींनी वाहिलेली अक्षता! पाठ खोललेली असताना ती आत पडली, दाजींना दिसली नाही, आणि त्यांनी वरून स्क्रू आवळले. त्या कणीने ट्रान्झिस्टर एका अंगाने उचलून धरला होता.

दाजींनी कणीजवळ डोळे नेले. "मीच मारीत व्हतो याला. पूजा करून करून."

"चकती शाबूत आहे, दाजी," किशोरी म्हणाली. "तुम्ही घड्याळ बघा." तिने कणी काढली, जागा पुसली, उष्णता वाहून नेणारी उरलीसुरली पांढरी पेस्ट बोटाने पातळ पसरली आणि स्क्रू आवळले. चार वाजायला दहा मिनिटं होती. तिने मला चालू केलं आणि तळवा हीटसिंकवर ठेवून बसली. एक मिनिट. दोन. हळूहळू हीटसिंक कोमट झाला.

"तापतोय!" ती किंचाळली. माझ्या तापण्याचा आनंद कुणाला झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

कमळाबाईंनी धवला उचलला. पहिल्या ओळीला आवाज फाटला, मी घाबरलो. दुसऱ्या ओळीला तो बारीक, पण सरळ उभा राहिला. मी जपून, जिवापाड जपून तो मांडवभर नेला. मनस्वीच्या हळद माखलेल्या गालांवरून पाणी ओघळत होतं. धवला शेवटपर्यंत गेला. कुठेही तुटला नाही.

माझ्याजवळ किशोरी बसली होती, त्यामुळे दाजी पाहुण्यांत जाऊन बसले. इतकी वर्षं हा माणूस माझ्यामागे बसून बटणं सांभाळत होता. बहिणीचा धवला समोर बसून त्याने कधी ऐकलाच नव्हता. "बाय माझी, किती गोड गातंय," असं शेजाऱ्याला सांगताना तो लहान मुलासारखा रडत होता.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना आणि जुन्या माणसांना हार घाला, नमस्कार करा, पण त्यांना कुठे चटका बसतोय तेही बघा. आपल्याला दिसत नसेल तर ज्याला दिसतं त्याला बघू द्या. त्यात कमीपणा नाही. दाजींना हे कळायला फार वर्षं लागली आणि तेवढी वर्षं बहिणीचं गाणं समोर बसून ऐकायचं राहून गेलं.