दाताच्या डॉक्टरकडे

तोकुजी खोल्यांत अंथरायच्या तातामी चटया शिवायचा. पन्नाशी उलटली तरी त्याने कुणापुढे हात पसरला नव्हता. थोरल्या काकांनी एकदा त्याच्या वडिलांना जामीन राहायला सांगितलं होतं. तेव्हापासून त्या दोन घरांत कुणी वारलं तरी जाणं-येणं उरलं नाही. पैशाचा विषय निघाला की माणसं तुटतात, एवढं तो लहानपणीच शिकला.

मार्चमध्ये त्याच्या मुलीला, चिहारूला, सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला. फी दोन लाख ब्याऐंशी हजार येन, मुदत शुक्रवारपर्यंत. शिक्षणासाठीचं कर्ज मंजूर होतं, पण पैसे हातात यायला अजून पंधरा दिवस. मेहुण्याला त्याने तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा थंडीबद्दल बोलून ठेवून दिला.

बुधवारी 'चटईचं गवत बघून येतो' असं बायकोला सांगून तो रेल्वेने अकिता शहरात गेला. स्टेशनमागे एका इमारतीत कर्ज देणारं यंत्र होतं. व्याज जबर, पण आत माणूस नसतो, म्हणून लोक जातात. तोंडावर मास्क, टोपी भुवयांपर्यंत. दाराला हात लावला तोच ते आतून उघडलं आणि समोर मुराकोशी काकू. तोकुजीच्याच गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्ष. चुकीच्या दिवशी ठेवलेली कचऱ्याची पिशवी ज्याच्या त्याच्या दारात परत नेऊन ठेवणाऱ्या.

"दाताच्या डॉक्टरकडे आले होते," काकू म्हणाल्या.

"मीपण," तोकुजी म्हणाला.

त्या इमारतीत दाताचा डॉक्टर नव्हताच. दोघं जिन्यात खाली बघत उभी राहिली. शेवटी काकूंनाच हसू फुटलं.

"चल, कॉफी घेऊ. खोटंच बोलायचं तर बसून तरी बोलू."

कॉफी आल्यावर काकूंनी कपात साखर ढवळली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "यांच्या आजारपणात घेतले होते. कुणाला सांगायची लाज वाटली. चार वर्षं फेडत होते, घेतल्याच्या जवळजवळ दीडपट. आज शेवटचा हप्ता भरला. आता तुझं सांग."

तोकुजीने सांगितलं. सांगताना कान तापले, पण एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना.

"विद्यापीठाला विचारलंस, पंधरा दिवस थांबता का म्हणून?"

"असं कसं विचारायचं, काकू? पोरीच्या नावापुढे लिहून ठेवतील, बापाची ऐपत नाही म्हणून."

"आणि यंत्राला सांगितलेलं चालतं? लाव फोन. माझ्यासमोर लाव."

तो बाहेर फुटपाथवर गेला आणि फोनवरच कमरेत वाकून बोलू लागला. पलीकडची बाई अगदी सहज म्हणाली, "मुदतवाढीचा अर्ज आहे. कर्जाचं मंजुरीपत्र जोडून शुक्रवारपर्यंत पाठवा. दरवर्षी बरेच जण पाठवतात."

एवढंच. तोकुजी आत येऊन बसला तेव्हा त्याला भूक अशी लागली होती की त्याने करी-भाताच्या दोन थाळ्या मागवल्या. एक काकूंसाठी.

"गाडीत वेगळ्या डब्यात बस हं," निघताना काकू म्हणाल्या. "आपण भेटलो नाही."

घरी आल्यावर त्याने सानाएला, बायकोला, सगळं सांगितलं. काकूंचं नाव तेवढं गाळलं.

"मला वाटलं, तुम्हाला काही आजार झालाय आणि लपवताय," ती म्हणाली आणि एप्रनने डोळे पुसले. मग चिहारूला हाक मारून तिने अर्ज छापून आणायला सांगितला.